खाचेच्या तळाशी

चष्मेवाल्याच्या घरातली सुई एका दिवसात मेली नाही. आधी वरचे सूर खरखरायला लागले. मग डावीकडचा स्पीकर मधूनच मुका व्हायचा, टपली मारली की पुन्हा बोलायचा. आणि एका दुपारी रेकॉर्ड ऐन रंगात आलेली असताना सुईचा दांडा घसरत घसरत मधल्या कागदावर जाऊन बसला आणि तिथंच खर्र खर्र करत राहिला.

खुर्चीत डोळे मिटून बसलेली आई म्हणाली, "गेली बिचारी. पुष्कळ ओढलं तिनं."

खाली चष्म्यांचं दुकान आणि वर घर. घरात चष्मेवाला, त्याची बायको आणि आई. पन्नाशी उलटलेल्या चष्मेवाल्यानं अर्ध्या शहराच्या नाकावर चष्मे चढवले होते, पण आईला मात्र दिसत नव्हतं. डोळ्यांच्या मागचा पडदाच विरला होता तिचा, त्याला कुठलीच काच उपयोगाची नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्यानं रोज घरात पाहिला होता. कान मात्र तिचे असे तिखट, की खालच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की परतलं, हे ती वर बसून सांगायची.

रोज दुपारी जेवण झालं की तिला एकच रेकॉर्ड लागायची. चष्मेवाल्याचा मोठा भाऊ, ज्याला घरात सगळे थोरला म्हणत, एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. हॉटेलांत, नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणारा साधा बँड. त्यांनी एकच रेकॉर्ड काढली आणि तिच्या पाकिटावर क्लॅरिनेट या शब्दापुढे थोरल्याचं नाव छापलेलं होतं. रेकॉर्ड उन्हाळ्यात घरी आली, आणि थंडी पडायच्या आत थोरला छातीच्या दुखण्यानं गेला. चष्मेवाला तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोर. आई रडली, सावरली, आणि मग तिनं एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली. "यात तो धडधाकट आहे," ती म्हणायची. "छाती भरून फुंकतोय. मला हा असा हवा."

म्हणून सुई गेली तेव्हा चष्मेवाल्यानं चालढकल केली नाही. दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड बगलेत मारून तो सुईवालीकडे गेला.

सुईवालीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणं हा तिचा धंदा. पाटी वाचून लोक शिलाई मशिनच्या सुया मागायला येत. नाही नाही म्हणून कंटाळल्यावर तिनं त्याही ठेवल्या होत्या.

"नक्की काय हवंय?" तिनं विचारलं.

"आवाजात ऊब हवी. आईला तशी सवय आहे. पण बारकावेही हवेत. जुन्या सुईनं फार खाऊन टाकलेत."

"आंधळा मागतो एक डोळा," सुईवाली हसली. "तुम्ही पडलात चष्मेवाले. पहिल्यापासूनच दोन मागणार."

तिनं काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. प्रत्येकीत नखाएवढं एक कार्ट्रिज, आणि त्याच्या पोटातून बाहेर डोकावणारी सुई. पहिलं तिनं दांड्याला जोडलं, छोट्या काट्यावर सुईचा भार तोलला आणि त्यानं आणलेली रेकॉर्ड लावली. आवाज दुलईसारखा होता. गोल, मऊ, कुठं टोचत नव्हता. मग तिनं दुसरं जोडलं. तोच सूर, पण धुतलेल्या काचेतून पाहिल्यासारखा. मागे वाजणारा ड्रम एकदम जागेवर जाऊन बसला, जणू कोणी त्याला खुर्ची दिली. ऊब होती, थोडी कमी.

"यात फरक काय?"

"टोकाचा. पहिलीचं टोक गोल आहे, ते रेकॉर्डच्या खाचेत वरच्यावर फिरतं. दुसरीचं पातळ, ते तळापर्यंत उतरतं. तुमच्या जुन्या सुईनं वरचा भाग घासून घासून गुळगुळीत केलाय, पण खाली ती कधी पोचलीच नाही. तिथं सगळं अजून कोरं आहे." ती थांबली. "दोन्ही घेऊन जा. घरी ऐका. दुकानात रस्त्याचा गोंगाट असतो. एक ठेवा, एक परत आणा."

त्यानं घरी आल्यावर आधी पातळ टोकाचं बसवलं. बारीक स्क्रू फिरवायची सवय होतीच, चष्म्याच्या काड्यांवर आयुष्य गेलेलं. जेवणं झाली, आई खुर्चीत बसली आणि त्यानं सुई हलक्या हातानं रेकॉर्डवर सोडली.

सूर लागायच्या आधी कोणीतरी श्वास घेतला.

स्पीकरमधून आला असं वाटलंच नाही तो. खोलीत आला. नाकातून आत ओढलेला, खोल, सावकाश श्वास. मग सूर. सूर संपला की पुन्हा श्वास. खोलीच्या मधोमध, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक माणूस उभा होता असं चष्मेवाल्याला वाटलं.

बायको ओल्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग बोलत कोण होतं?"

"बोलत नाही गं. रेकॉर्ड आहे. दादा आहे."

ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. पदराला हात पुसत तिनं कपाटाच्या बाजूला बघितलं आणि माघारी गेली.

चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांनी भाऊ घरात श्वास घेत होता. त्यानं आईकडे पाहिलं. तिचे हात खुर्चीच्या हातांवर आवळलेले होते.

"ऐकलंस आई?"

"ऐकतेय," ती म्हणाली. बाजू संपली तरी तिची मान स्पीकरकडेच वळलेली होती.

पुढचे काही दिवस घराची तऱ्हाच बदलली. आई जेवण अर्धवट टाकून खुर्चीत जाऊन बसायची आणि "लाव" म्हणायची. ऐकताना मान एका बाजूला कलती करायची, दारामागे कोण आहे याचा कानोसा घेतल्यासारखी. बायको रेकॉर्ड चालू असताना खोलीत येईनाशी झाली. यावंच लागलं तर आधी दारावर टकटक करायची, आणि स्वतःच्याच घरात टकटक केल्याबद्दल चिडायची. खाली दुकानात चष्मेवाला गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायला वाकला की समोरच्याचा श्वास त्याच्या गालाला लागायचा आणि त्याचा हात थबकायचा. इतकी वर्षं हजारो माणसं अशीच जवळून श्वास घेत होती, त्याला कधी ऐकू आली नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. सुरांच्या आत बारीक टकटक होती. क्लॅरिनेटच्या कळांवर बोटं पडतात ना, ती. ते ठीक होतं. पण ती टकटक दोनदा व्हायची. एक सुराबरोबर आणि एक त्याच्या किंचित आधी, जणू वाजवणाऱ्याच्या हाताला आणखी एक हात चिकटलेला होता. ते एकदा ध्यानात आल्यावर त्याला दुसरं काही ऐकूच येईना.

कार्ट्रिज खराब असणार, असं ठरवून तो सुईवालीकडे गेला. रेकॉर्ड प्लेअरसकट गेला. तिनं भिंग लावून सुई तपासली, भार पुन्हा तोलला, कोन पाहिला. मग दुकानाचं दार लावून घेतलं आणि डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली.

"सुईत दोष नाही," ती म्हणाली.

"मग ही टकटक दोन-दोनदा होतेय ती?"

"ते खाचेत आहे. रेकॉर्ड भरली त्या दिवशी त्या खोलीत जे झालं ते. सुई आपल्या मनचं काही बोलत नाही." तिनं रेकॉर्ड पाकिटात घालून त्याच्या हातात दिली, आणि जरा अवघडून म्हणाली, "क्लॅरिनेटं दोन होती का हो या बँडमध्ये?"

"एकच. माझा भाऊ."

तो घरी आला तेव्हा आई जागीच होती. पावलांवरून तिनं ओळखलं.

"काय म्हणाली ती?"

"कार्ट्रिज ठीक आहे म्हणाली."

"मला ठाऊकच होतं." आईनं त्याला जवळ बसायची खूण केली. "तुला एक सांगू? रागावू नकोस. तो माझा नाही."

"कोण?"

"तो श्वास घेतोय ना, तो. तो थोरला नाही."

चष्मेवाल्याला आधी ते कळलंच नाही. मग त्यानं हातातली रेकॉर्ड खाली ठेवली.

"थोरला तान्हा असल्यापासून छातीनं नाजूक," आई म्हणाली. "चालायला लागेपर्यंत मी त्याच्या नाकाशी कान लावून झोपायचे. श्वास घेताना त्याचा शेवटी एक अडखळा यायचा. उंबऱ्याला पाय अडखळावा तसा. मोठा झाला, क्लॅरिनेट वाजवायला लागला, तरी तो अडखळा होताच. हा जो आहे, हा सरळ आत जातो. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मग रोज ऐकत बसले, म्हटलं कुठं तरी एकदा अडखळेल. नाही रे. दुसरंच कोणीतरी आहे हे."

इतक्या वर्षांच्या दुपारी त्यांनी कोणाला घरात घेतलं होतं?

त्यानं त्याच संध्याकाळी पातळ सुई काढली आणि गोल टोकाचं कार्ट्रिज बसवलं. पुन्हा तो दुलईसारखा आवाज. श्वास नाही, टकटक नाही. बायको आत येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "हेच ठेवा. बाई म्हणालीच होती ना, एक ठेवा आणि एक परत द्या? दुसरं देऊन टाका आणि मोकळे व्हा."

त्यालाही तेच हवं होतं. पण आईनं हात वर केला.

"बंद कर."

"का? आता नाही ऐकू येत तो."

"म्हणूनच. आधी निदान कुठं आहे ते कळत होतं. आता लपून बसलाय."

चष्मेवाल्यानं दांडा उचलला. त्या संध्याकाळपासून रेकॉर्ड वाजायचीच थांबली, आणि न वाजणारा तो रेकॉर्ड प्लेअर वाजणाऱ्यापेक्षा जड झाला. आई त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली. चष्मेवाला जिन्यानं वर येताना खोलीबाहेर क्षणभर थांबायचा, आत कोणी श्वास घेतंय का ते ऐकायचा, आणि आपल्या मूर्खपणाला हसायचा. पण थांबायचा.

बँडमधलं आता एकच माणूस शहरात उरलं होतं. ड्रमवाला. त्याची लॉन्ड्री होती. चष्मेवाला रविवारी सकाळी तिथं गेला तेव्हा म्हातारा वाफेच्या मोठ्या इस्त्रीखाली चादरी सरकवत होता. दर वेळी झाकण खाली आलं की वाफ लांबलचक सुस्कारा टाकायची.

चष्मेवाल्यानं सगळं सांगितलं. सुई, श्वास, आई काय म्हणाली ते. ड्रमवाल्यानं इस्त्री बंद केली. लॉन्ड्री एकदम शांत झाली.

"म्हातारीनं ओळखलं म्हणतोस," तो म्हणाला. "आईच ती."

"म्हणजे खरं आहे?"

"बस." त्यानं चादरींच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी थोरला आला तो भिंत धरूनच. आम्हाला ठाऊक होतं तब्येत बरी नाही, पण एवढं? पहिली ओळ वाजवायला घेतली आणि वाराच पुरेना. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खोकला आला आणि रुमाल खिशात कोंबला त्यानं. मी पाहिला तो रुमाल. त्याला घरी कळायला नको होतं. म्हणाला, आई माझ्या श्वासांवर जगते."

ड्रमवाल्यानं एक चादर ओढून तिची घडी घातली.

"खोली तेवढ्या दिवसापुरतीच मिळाली होती. मग समोरच्या हॉटेलातल्या बँडमधला एक पोरगा उचलून आणला. दमदार फुंकायचा, पण आमची गाणी त्याला येत नव्हती, आणि सूर लिहिलेला कागद वाचता येत नव्हता. आता आली का पंचाईत? तर तुझा भाऊ त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. स्वतःचं क्लॅरिनेट हातात, तोंडाला न लावता. तो नुसती बोटं चालवायचा आणि पोरगा त्याची बोटं बघून फुंकायचा. जरासं आधी चालवायचा, म्हणजे पोराला गाठता यावं. सबंध रेकॉर्ड अशी झालीय. फुंकणारा तो, वाजवणारा थोरला."

"आणि पाकिटावर नाव?"

"आधीच छापायला गेलं होतं. आणि बदलणार कोण होतं? पोराला विचारलं, तर तो म्हणाला, मी काय केलं, मी तर नुसता भाता होतो." ड्रमवाला किंचित हसला. "पुढे तो कुठल्याशा जहाजावर वाजवायला गेला. मग काही कळलं नाही. तुझ्या भावानं आमच्याकडून शब्द घेतला होता. आता कोण राहिलंय शब्द मागायला?"

त्यानं पुन्हा इस्त्री सुरू केली. वाफेच्या सुस्काऱ्यात चष्मेवाला तसाच उठून बाहेर आला. घरी जाताना त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. आईला सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. तिनं जपलेली एकच गोष्ट होती, थोरल्याचा भरलेला श्वास. तोच तिच्या हातातून काढून घ्यायचा होता.

पण ती दाराशीच उभी होती, भिंतीला हात लावून.

"भेटला?"

त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि काही न गाळता सांगितलं. रुमालाचंही सांगितलं. ऐकून झाल्यावर आईनं खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "लबाड."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "रेकॉर्ड घरी आली तेव्हा सगळे ऐकायला बसलो होतो. तो खिडकीकडे तोंड करून उभा. मला वाटलं, लाजतोय." आणि मग, "त्या दुसऱ्या पोराला कुणी काही खायला घातलं का रे?"

"ते नाही विचारलं मी."

"विचारायला हवं होतं."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ती बारीक सुई लाव."

त्यानं कार्ट्रिज बदललं. स्क्रू एकदा फरशीवर पडला, बायकोनं वाकून शोधून दिला. या वेळी ती परत गेली नाही. खुर्चीमागे उभी राहिली.

श्वास आला. आईनं मान हलवली, पाहुण्याला या म्हणावं तशी. मग ती पुढे वाकली, आणि चष्मेवाल्यानं पाहिलं की ती सूर ऐकतच नव्हती. ती त्याच्या आधीची टकटक ऐकत होती. बोटं कळांवर पडत होती, उठत होती, आणि सूर धावत मागून येत होता. एका अवघड वळणावर ती बोटं मुद्दाम सावकाश झाली, समोरच्याला वाट दाखवायला, आणि सूर सुखरूप वळणापार गेला.

"हा माझा," आई म्हणाली.

गोल टोकाचं कार्ट्रिज त्यानं सुईवालीला परत दिलं. तिनं घरी येऊन सुईचा भार केसभर वाढवला, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढले, आणि त्यामुळे आवाजात हवी तेवढी ऊबही आली. काय झालं ते तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या दुकानात मी दार लावून ऐकलं ना, तेव्हाही मला वाटलं होतं, दोघं आहेत. म्हटलं, कशाला बोला."

रोजच्या दुपारी पुन्हा सुरू झाल्या, पण पहिल्यासारख्या नाही. आई कधी म्हणायची, "आज घाईत आहे," कधी म्हणायची, "आज दमलाय." रेकॉर्ड तीच, खाच तीच. चष्मेवाल्यानं एकदा तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "तू ऐकतोस, मी बघते." बायको आत यायला लागली, पण टकटक करायची सवय काही सुटली नाही, आणि आता ती त्यावर चिडतही नव्हती.

एका दुपारी आईचा डोळा लागला म्हणून तो दांडा उचलायला उठला नाही. शेवटचं गाणं संपलं. त्या अनोळखी पोरानं उरलेला श्वास सोडून दिला. नेहमी याच जागी चष्मेवाला सुई उचलायचा. आज खाच तशीच फिरत राहिली, आणि त्या शांततेत, अगदी तळाशी, टकटक ऐकू आली. सूर नव्हता. नुसती बोटं. गाणं संपल्यावरही ती चालूच होती, सावकाश, कोणाला काही दाखवायचं नसल्यासारखी. एक ओळभर. मग थांबली.

चष्मेवाला जागचा हलला नाही.

"ऐकलंस?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"हो. काय वाजवलं त्यानं?"

"तुला नाही कळलं?"

"नुसत्या टकटकीवरून मला कसं कळणार, आई?"

"मला कळलं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्याला पुढे विचारवलं नाही.

त्यानंतर ती दोन हिवाळे होती. त्या ओळीशी रेकॉर्ड पोचली की तिची बोटं खुर्चीच्या हातावर हलायची आणि ओठ मिटलेले असायचे. त्यानं एकदा विचारलं, बायकोनंही विचारून पाहिलं. तिनं कोणालाच सांगितलं नाही.